आखराच्या पलीकडचा फोटो

मी गाव सोडलं तेव्हा आई आखरापर्यंत आली अन् थांबली. आखर म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जिथं सकाळी गुराखी साऱ्या गावची गुरं गोळा करतो. १९९९ साल. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये नुसती खुंटं उरलेली. बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर माझी पत्र्याची पेटी बांधलेली. मी आईला म्हटलं, "चाल ना, सौंदडच्या टेसनापर्यंत." ती म्हणाली, "बाईमानसानं आखर ओलांडून कोनाले पोचवाले जाऊ नाही. जाय तू. मांगं पाहू नको."

मी मागं पाहिलंच. ती आमच्या भुऱ्या गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. कोणाला वाटलं असतं, गाईलाच सोडायला आली आहे.

स्टेशनवर बाबांनी पेटी उतरवली. गाडीचा धूर दिसल्यावर एवढंच म्हणाले, "ज्या गावात रायशील त्या गावच्या पान्याले नावं नको ठेवजो. अन् कोनी काम सांगतलं तं पहिले हो म्हन, मंग भेव."

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईचा एक फोटो टाकला. नाल्याच्या काठी, जिथं बाबांना जाळलं तिथं, आई बसली आहे. त्याखाली एकानं लिहिलं, "सकाळी सकाळी मसनातले फोटो टाकू नका, लहान मुलं पाहतात." त्यावर सतरा जणांनी अंगठे दिले. त्यात माझा वर्गमित्रही आहे, जो आता पुण्यात असतो. गावात राहिलेल्यांनो अन् माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, तो फोटो मी काढून टाकलेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला. का टाकला ते सांगतो.

घरी आम्ही पोवारी बोलतो. पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून आईबाबांचं बोलणं गावात बोलतात तशा मराठीतच लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी नववीत शाळा सोडली आहे. इंग्रजीच्या तासाला उभं राहून वाचायची पाळी आली की माझ्या तळहाताला एवढा घाम सुटायचा की पुस्तकाचं पान ओलं व्हायचं. गुरुजी वाईट नव्हते. मीच एक दिवस शाळेच्या वाटेवरून वळलो अन् बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, पाळीवर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. तिसऱ्या दिवशी बाबा तिथं आले अन् बैलांचा कासरा हातात दिला.

मला नेलं हेमराज दादानं. आमच्याच गल्लीतला, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. गोव्यात मडगावकडं फरशी घासायच्या कामाला होता. गोंदियाहून कोल्हापूरच्या गाडीत बसलो, मिरजेला उतरलो, तिथून पुढं गोवा. महाराष्ट्राच्या एका टोकाला पेटी ठेवली अन् दुसऱ्या टोकाच्याही बाहेर जाऊन उतरवली. वाटेत मी हेमराज दादाला दहादा विचारलं, "काम जमन ना मले?" अकराव्या वेळी तो म्हणाला, "अबे, फरशी हाय ते. फरशी का तुले वाचाले लावनार हाय?"

तिथंच तो चुकला. दुकानात पोचलो तर भिंतीला टेकून पांढऱ्या संगमरवराचे क्रूस उभे, पंखांच्या बाया, अन् नावं कोरलेल्या पाट्या. आमचं दुकान कबरींचे दगड बनवायचं. मी हेमराज दादाकडं पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "फरशी म्हंजे फरशीच ना बे. कोनी जमिनीवर लावते, कोनी जमिनीतल्यावर."

मालकाला तिथं पात्रांव म्हणतात. आमचे पात्रांव साठीतले, कानात केस असलेले, सतत खोकणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला दगडाच्या एका टोकाला धरायला लावलं अन् आम्ही दफनभूमीत गेलो. तिला तिथं सिमितेर म्हणतात. मी फाटकातच अडलो. पात्रांवांनी पाहिलं अन् म्हणाले, "भियेवं नाका रे." त्या दिवशी मी तीनदा आंघोळ केली अन् भात खाल्ला नाही. पण बाबांनी सांगितल्याप्रमाणे 'हो' आधीच म्हणून झालं होतं. भ्यायचं काम तेवढं उरलं होतं, ते मी वर्षभर पुरवून पुरवून केलं.

कॅमेरा माझ्याकडं आला तो असाच. त्या गावच्या घराघरांतून कोणी ना कोणी बाहेर गेलेलं असतं. कोणी बहारीनला, कोणी लंडनला, कोणी जहाजावर. आईबापाच्या कबरीवर दगड बसवायला ते सांगतात, पण बघायला येऊ शकत नाहीत. मग दगड बसला की त्याचा फोटो काढून पाठवायचा. नोव्हेंबरच्या दोन तारखेला सगळे आपापल्या मृतांच्या कबरी सजवतात. ज्यांचं कोणी गावात उरलं नाही त्यांच्या कबरी आम्ही धुवायच्या, फुलं लावायची, मेणबत्त्या पेटवायच्या अन् त्याचाही फोटो पाठवायचा. हे काम पात्रांवांचा पुतण्या करायचा. मग तो स्वतःच पोर्तुगालला गेला. पात्रांवांनी रोलचा कॅमेरा माझ्या हातात दिला अन् विचारलं, जमेल का. मी म्हटलं, हो. अन् मग भ्यालो.

आता लोक विचारतात, कबरींच्या फोटोत असं काय आहे रे बाबा? सांगतो, ऐका. पांढरा दगड दुपारी फोटोत नुसता चुन्यासारखा जळतो. सकाळी आठच्या आत ऊन तिरपं असतं, तेव्हा कोरलेल्या प्रत्येक अक्षरात सावली भरते अन् शंभर वर्षांचं पुसट नावही उठून दिसतं. सावलीतल्या दगडासाठी मी आरसा ठेवतो. न्हाव्याकडं असतो तसा, साधा. आरशातला कवडसा बाजूनं दगडावर टाकायचा. काल कोणालाही न वाचता आलेलं नाव एकदम समोर येतं. एकदा एका जुन्या दगडावर असं नाव आलं अन् मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईनं ते मोठ्यानं वाचलं. तिच्या पणजीचं होतं. तिनं माझे दोन्ही हात धरले. ज्या पोराच्या हाताला घाम सुटतो म्हणून शाळा सुटली, त्याचे ते हात.

अन् घाम म्हणाल तर तिथंच गेला. जिवंत माणसाचा फोटो काढताना तो घाई करतो, पोट आत घेतो, डोळे मिटतो, वर विचारतो, किती शिकलास? दगड विचारत नाही. मी एबीसीडी पक्की केली ती या पाट्यांवर. एकच वाक्य पन्नास दगडांवर सापडायचं, मग ते पाठ व्हायचं. जन्मसाल अन् मृत्यूसाल वजा करून वय काढता काढता माझी वजाबाकी सुधारली. माझी शाळा तिथं भरली, अन् या शाळेत कोणी मला उभं करून वाचायला लावलं नाही. त्या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत. मेलेल्यांचेही आहेत, मोजून आहेत, अन् ते मी मानतो.

आता ती चूक, जिच्यामुळं गावात माझं नाव पडलं. २००२ मध्ये घरी माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. आईनं निरोप धाडला, चांगला फोटो पाठव. मी पांढरा शर्ट घातला अन् हेमराज दादाला कॅमेरा धरायला लावला. दोन नोव्हेंबरची सकाळ होती, फुलं ताजी होती, उजेड असा की पुन्हा मिळायचा नाही. फोटो घरी गेला. आईनं शेजारणींना दाखवला, "पाय वं, बगीचा केवढा हाय. मांगं परी उभी हाय." तो फोटो मुलीकडं गेला, अर्जुनी मोरगावच्या बाजूला एका गावी. मुलीचा मामा गोंदियाला कुडव्यात राहणारा, शहरातला, म्हणजे त्याला सगळं कळणार. त्यानं फोटो दाराच्या उजेडात नेला अन् ओरडला, "अरे जिजाजी, ये तो कब्रस्तान है! पोट्टा कबरीवर हात ठेवून उभा हाय!"

खरं सांगतो, मी मुद्दाम केलं नव्हतं. तीन वर्षांत ती जागा मला इतकी अंगवळणी पडली होती की मागं काय आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी फक्त उजेड पाहिला.

सोयरीक मोडली. बैठकीत बाबाही बसले होते. मामा त्यांना म्हणाला, असा मसनात उभा राहनारा जावई आमाले नको. बाबा म्हणाले, "उभा हाय ना? आडवा तं नाही?" अन् फोटो खिशात घालून उठून आले. घरी येऊन तो फोटो त्यांनी समोरच्या भिंतीवर लावला. गावात माझं नाव मसन्या पडलं, आजही आहे. दोन वर्षांनी माझं लग्न झालं ते याच फोटोवर. माझी बायको त्या वेळी तिच्या आईला म्हणाली होती, "बाकी साऱ्या फोटोत पोट्टे भेलेले दिसतेत, हा एकटा हसून रायला."

बाबा गेले २००६ मध्ये, दिवाळी संपता संपता. दुकानात फोन आला तेव्हा माझ्या हातात भिजवलेला ब्रश होता. दोन दिवस प्रवासात गेले. मी पोचलो तिसऱ्या दिवशी सकाळी, राख सावडायला पुरुष निघतच होते. बायका आखरापर्यंत आल्या अन् थांबल्या. आई थांबली तिथंच, जिथं ती मला सोडायला थांबली होती. आमच्या गावात बाई नाल्यावर जात नाही. ज्याच्याबरोबर पस्तीस वर्षं काढली त्याला कुठं ठेवला, ते तिनं पाहायचं नाही. बाकीच्यांनी पाहायचं अन् तिला येऊन सांगायचंही नाही.

नाल्याच्या काठी अर्जुनाचं मोठं झाड आहे. त्याच्या खाली काळा पट्टा. सरणाच्या चार खुंट्यांची चार भोकं. बाजूला ओल्या मातीत बैलाच्या खुरांचे ठसे. राख अजून कोमट होती. मी पिशवीतून कॅमेरा काढला. बाबांचे धाकटे भाऊ, झनक काका, माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काऊन बे टेकचंद, बापाच्या राखेचा फोटू काढतं? तिकडच्या लोकायचं खूळ इथं आनतं का?"

मी काकांना आजवर उलटून बोललो नव्हतो. घाबरटपणा माझा जुना सोबती. पण त्या दिवशी तोंडातून निघालं, "काढतो काका. तिकडं परक्याच्या मायबापाचे काढतो. माझ्या बापाचा कोन काढन?"

काका बाजूला सरकले. मी तीन काढले. दोन हलले, एक आला. राख वैनगंगेत गेली. परतताना काका आखरावर म्हणाले, तो फोटू घरात आनू नको. आईनं ऐकलं. ती खाली पाहत राहिली. मी फोटो गोव्याला नेला अन् त्याच पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला.

तेव्हापासून मला त्या लोकांचा हेवा वाटू लागला. त्यांच्या माणसाला मेल्यावरही पत्ता आहे. रांग अमुक, भिंत अमुक. आमचा माणूस पाण्यात गेला. पण हा हेवाही फार दिवस टिकला नाही. लंडनच्या एका बाईसाठी मी दरवर्षी तिच्या आईच्या कबरीचा फोटो काढायचो. २००९ मध्ये गेलो तर तिथं नवीन ढिगारा अन् दुसऱ्याच माणसाचं नाव. तिथल्या साध्या कबरी काही वर्षांनी उघडतात, हाडं सगळ्यांच्या एका खड्ड्यात जातात अन् जागा पुढच्याला देतात. रीतच आहे ती. जागा थोडी, माणसं मरतच राहतात. मी दोन दिवस घाबरून बाईला कळवलंच नाही. मग जुन्या फोटोंतला सगळ्यात चांगला काढला, मोठा करून घेतला, खरं काय ते पात्रांवांकडून लिहून घेतलं अन् पाठवलं. तिचं उत्तर आलं. ते पत्र मी कोणाकडं नेलं नाही, एकेक शब्द जोडून स्वतः वाचलं. तिनं लिहिलं होतं की आई आता माझ्या टेबलावर राहते, अन् मी सकाळी चहा घेताना तिच्याशी कोंकणीत बोलते.

दगडाचाही पत्ता कायमचा नसतो, हे त्या दिवशी कळलं. आमचंच घ्या. आपले, पोवारांचे, पूर्वज मालव्यातून आले म्हणून आपण समाजाच्या मेळाव्यात छाती फुगवतो. मालव्यातली आपली मसनं कुठं होती, सांगा बरं कोणी? कोणत्या नदीच्या काठी त्यांची राख राहिली? ते सारं सोडून आले म्हणून त्यांना कोणी बोल लावत नाही. मी एक फोटो काढला तर अशुभ. अन् आपल्या अर्जुनी मोरगावकडच्या प्रतापगडाला यात्रेत आपण काय करतो? महादेवाचा डोंगर चढतो अन् दर्ग्यावर चादरही चढवतो. तिथं जो झोपला आहे त्याच्यापुढं लेकरं घालतो, बाजूला उभं राहून सहकुटुंब फोटो काढतो. ती कबर नाही का? भाऊ, अनोळखी माणसाची कबर चालते, मग स्वतःच्या बापाची जागा का नाही चालत?

आता शेवटचं. नोव्हेंबर माझ्या कामाचा, म्हणून दिवाळीला मी कधीच गावी नसतो. उन्हाळ्यात जातो. २०१३ च्या मे महिन्यात गेलो होतो. आई छपरीत मोहफुलं पाखडत बसली होती. वर न पाहता म्हणाली, "तुयाजवळ तो फोटू हाय म्हनते."

"कोन म्हनते?"

"तुयी बायको. दाखव."

मी म्हटलं, काकानं सांगतलं होतं घरात आनू नको म्हनून.

"झनक्या का माया नवरा होता?"

फोटो आता माझ्या मोबाइलमध्ये होता. मी तिच्या हातात दिला. तिचं बोट लागून फोटो सरकला अन् गोव्यातली एक कबर समोर आली. ती तीही पाहू लागली. "हे कोन?" म्हटलं, एक बाई आहे, तिचे लेक कॅनडात आहेत. "फुलं कोनी वाह्यली?" मी. आईनं मान हलवली, "बरं केलं." मग मी बाबांचा फोटो परत आणून दिला. तिनं मोबाइल डोळ्यांपाशी नेला. मला वाटलं रडेल. ती बोट ठेवून म्हणाली, "हा खूर लाल्याचा. मांगचा फाटका होता त्याचा. लाकडं त्यानंच नेली म्हना."

तो फोटो मी सात वर्षं पाहत होतो. काळा पट्टा पाहिला, भोकं पाहिली, उजेड पाहिला. लाल्या बैल मला दिसला नव्हता. बाबांनी स्वतःच्या हातानं वाढवलेला बैल त्यांच्यासाठी लाकडं ओढत गेला होता, अन् ते साऱ्या गावात एकाच माणसाला वाचता आलं. जिला तिथं जायची बंदी होती तिला.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मले तिथं घेऊन चाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला निघालो. मी वेळ उजेड बघून ठरवली, सवयच ती. आई मोटारसायकलवर मागं एका बाजूला बसली. काका त्यांच्या ओट्यावर दात घासत होते. "वहिनी, कुठं निंगाल्या?"

"तुमच्या भावाले भेटाले," आई म्हणाली.

काकांनी तोंडातला फेस गिळला.

आखर आलं अन् माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गुराखी गुरं गोळा करत होता, तो पाहत राहिला. हँडलवरच्या माझ्या हातांना जुना शाळेतला घाम सुटला होता. मागून आई म्हणाली, "थांबला काऊन?"

"आखर आलं."

"मले दिसते. चाल."

नाल्यावर ग्रामपंचायतीनं आता पलीकडं सिमेंटचा ओटा अन् पत्र्याचं छप्पर केलं आहे. अर्जुनाच्या झाडाखाली कोणी येत नाही. जागा ओळखायची काही खूण नव्हती. आईनं मोबाइल समोर धरला, फोटोतल्या झाडाची गाठ अन् समोरची गाठ एका रेषेत येईपर्यंत दोन पावलं डावीकडं सरकली, एक मागं. माझ्यापेक्षा चांगला कोन साधला तिनं. मग खाली बसली अन् वाळलेली पानं हातानं बाजूला करू लागली, अंगण झाडावं तशी. बाबांशी काही बोलली असेल तर ते माझ्यासाठी नव्हतं. मी झाडाच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. "काढ ना गा फोटू. मंग ऊन चढलं तं तुया दगडासारखी पांढरी दिसन." पदर डोक्यावर सारखा केला, मतदान कार्डाच्या फोटोला केला होता तसा. मी हात पुसले अन् काढला.

हाच तो फोटो. यात लहान मुलांनी भ्यावं असं काय आहे, मला कोणी सांगा. एक बाई सकाळच्या उन्हात नवऱ्याजवळ बसली आहे.

पूर्वी गोव्यात कोणी विचारलं की तुझं घर कुठं, तर मी सौंदडच्या पुढं कोसभर असं सांगायचो अन् मनात आखरापर्यंतच जायचो. आई उभी असायची तिथं माझं घर संपायचं. आता ते नाल्यापर्यंत आहे. अन् मसन्या म्हणा की काय म्हणा, दोन नोव्हेंबरला मी सकाळी सहालाच आरसा घेऊन सिमितेरीत असेन. कोणाच्या तरी आईचं नाव वाचता यायला हवं.

त्या वेळी सुट्टी संपवून परत निघालो तेव्हा आई आखरावर थांबली नाही. सौंदडच्या प्लॅटफॉर्मवर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली. गाडी हलली अन् तिनं खिडकीच्या गजावरचा हात सोडला.

"मांगं पाहजो बरं," ती म्हणाली.